डेडे आत्याची खडी

पश्चिमेला बंदराचा धक्का झाला तेव्हापासून आमच्या किनाऱ्याला वाळू येत नाही. समुद्र फक्त नेतो. दर पौर्णिमेला मी डेडे आत्याच्या भिंतीपासून समुद्राने कापलेल्या कड्यापर्यंतचं अंतर मोजते. मागच्या वर्षी एकतीस मीटर होतं, यंदा नऊ. त्या नऊ मीटरांत आतोबांची कबर होती.

त्यांना रस्त्यापलीकडे हलवायचं आत्याने ठरवलं. नव्या थडग्यासाठी खडी हवी, म्हणून ती रोज ओहोटीला किनाऱ्यावरच खणायची आणि चाळणीने गोटे वेगळे काढायची.

"आत्या, तू खणतेस तेवढा कडा लवकर ढासळतो. आतोबांच्या खालचीच जमीन काढतेस."

"मी नाही घेतली तर समुद्र घेणारच. त्याला शिकव की, बाई! तू मास्तरीण ना?"

थडगं बांधून झालं. पण मेलेल्याला विचारल्याशिवाय कोणी हलवत नाही. आत्याच्या थोरल्या दिरांनी, आयितेंनी, कबरीवर ताडाची दारू ओतली आणि चार कवड्या टाकल्या. चारही पालथ्या. पुन्हा टाकल्या, पुन्हा पालथ्या.

"नाही म्हणतोय," ते म्हणाले. "आता पुढच्या अमावास्येला विचारू."

"जिवंत होता तेव्हा तरी कधी हाक मारल्यावर आला?" आत्या फणकारली.

"तोवर नऊ मीटर टिकणार नाहीत," मी म्हणाले.

"आकडे तुझे, पोरी. माणूस आमचा," आयिते म्हणाले.

एकोणिसाव्या दिवशी उधाणात कबर गेली. सकाळी कड्याखाली सिमेंटचा एक तुकडा तेवढा होता.

आत्या रडली नाही. दुसऱ्या ओहोटीला चाळणी घेऊन तिथेच बसली, आणि सात दिवस बसली. आठव्या दिवशी मला शाळेतून बोलावून घेतलं. तिच्या तळहातावर एक हाड होतं, बोटभर लांब.

"तू हाडं शिकलीस. सांग."

मी ते पाण्यात धुतलं. खालच्या टोकाला दोन गोल उंचवटे होते, मध्ये खोल खाच. माणसाच्या एवढ्या लहान हाडाला असं टोक नसतं. कोकराच्या पायाचं होतं.

आयिते थडग्याचं झाकण सरकवून उभे होते. बायका पांढरी वस्त्रं नेसून आल्या होत्या.

"त्यांचंच आहे," मी म्हणाले. "हाताचं."

आत्याने ते फडक्यात गुंडाळलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "कुठल्या हाताचं?"

"उजव्या."