शेपटीवाली सही

कॅशियरने खिडकीतून पगाराची चिठ्ठी सरकवली, तेव्हा वाफ्याला वाटलं, कुणीतरी आपली फिरकी घेतंय. पगारातला तिसरा हिस्सा गायब. खाली जांभळा शिक्का : कोर्टाच्या हुकमावरून कपात.

"कुणाची आयडिया ही?" त्याने हसत हसत विचारलं. "शिक्का मात्र झकास जमलाय. अगदी खरा वाटतो."

"खराच आहे," कॅशियर म्हणाला. "दर महिन्याला कापायचाय. तीन वर्षं."

वाफ्या आणखी थोडा वेळ हसत राहिला. त्यात त्याचा दोष नव्हता. बावन्न वर्षांच्या आयुष्यात त्याने लोकांच्या इतक्या खोड्या काढल्या होत्या, की एक ना एक दिवस सगळ्यांची मिळून एक मोठी परतफेड येणार, असं तो धरूनच चालला होता. जुन्या धुलाई कारखान्यात त्याने एकदा साहेबाच्या रुमालाला इतकी खळ घातली होती, की शिंक आल्यावर साहेबाच्या नाकाला खरचटलं होतं. तेव्हा हीसुद्धा तसलीच काहीतरी गंमत असणार. पण मागे रांगेत उभं असलेलं कुणीच हसत नव्हतं, आणि कॅशियर तर जन्मात कधी हसला नव्हता.

कागदावर जुन्या कारखान्याचं नाव होतं, आणि एक आकडा. आकडा बघून वाफ्याला खिडकीची कड धरावी लागली.

आता हा आकडा कुठून आला, ते ऐका. त्या कारखान्यात दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुवायला यायच्या. वाफ्या एकोणीस वर्षं तिथल्या बॉयलरवर होता, म्हणून तर तो वाफ्या. त्या कामाचा वेगळा भत्ता मिळायचा. मग तपासणीवाले आले आणि म्हणाले, बॉयलरवर सर्टिफिकेटवाला माणूस पाहिजे. कारखान्याने एक सर्टिफिकेटवाला आणला आणि वाफ्याला कागदावर चादरींच्या घड्या घालायला पाठवलं. फक्त कागदावर. कारण सर्टिफिकेटवाला बॉयलरला टरकायचा. जरा शिट्टी वाजली की गडी अंगणात. तो बाहेर स्टुलावर सर्टिफिकेट सांभाळत बसायचा आणि आत वाफ्या बॉयलर सांभाळायचा. भत्ता चालू राहिला. सव्वीस महिने. पुढे नवा मॅनेजर आला, त्याने वह्या उघडल्या आणि ओरडला, "घड्या घालणाऱ्याला बॉयलरचा भत्ता?" वाफ्याची आणि त्याची अशी जुंपली, की वाफ्या महिना अर्धा टाकून निघून आला आणि एका हॉटेलच्या कपडेखोलीत इस्त्रीला लागला. त्याच्या लेखी विषय संपला. कारखान्याच्या लेखी नव्हता. त्यांनी सव्वीस महिन्यांचा भत्ता व्याजासकट परत मागणारा दावा लावला, वाफ्या तारखेला आलाच नाही, निकाल लागला. वाफ्याला यातलं अक्षर ठाऊक नव्हतं.

घरी त्याने चिठ्ठी बायकोसमोर ठेवली. ती शिलाई मशीनवर कुणाच्या तरी पडद्याला दुमड घालत होती. तिने दोनदा वाचलं.

"अहो," ती म्हणाली, "चेष्टा आहे ना ही? मी रागावणार नाही. एकदा तरी सांगा, चेष्टा आहे म्हणून."

वाफ्याने नाही म्हणून मान हलवली. एवढी जड मान त्याने कधी हलवली नव्हती.

दोन खोल्या होत्या त्यांच्या. उरलेल्या पगारात एक तर भाडं बसत होतं, नाहीतर पोट. घरमालकीण बाई वाईट नव्हती, तिने दोन महिने थांबते म्हटलं. त्यानंतर वाफ्याच्या ताईकडे, तिच्या एका खोलीत पडदा लावून राहायचं. तिथे दोन माणसं कशीबशी मावली असती. मशीन मावलं नसतं. बायको मशीनवर हात ठेवून बसली.

कोर्टात गरिबांना फुकट सल्ला देणारी एक खोली होती. तिथली वकीलबाई फटकळ होती, पण कामाची. तिने सगळी कहाणी ऐकली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "बॉयलरवर तुम्हीच होतात, याला पुरावा?"

"बॉयलरची वही आहे की. रोजचा वाफेचा दाब मी लिहायचो. आणि शेजारी तेव्हाच्या मॅनेजरचं चित्र काढायचो. दाब चढला की मिशा वर, उतरला की मिशा खाली. सव्वीस महिने रोज."

पुढच्या खेपेपर्यंत वकीलबाईने दोन पानांच्या झेरॉक्स कुठून तरी मिळवल्या. त्या बघून ती इतकी हसली, की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. "ही वही जज्जांपुढे गेली तर दावा आपलाच," ती म्हणाली. मग तिचं हसू गेलं. "पण आधी दावा पुन्हा उघडायला पाहिजे. त्यासाठी समन्स तुम्हाला मिळालंच नव्हतं, हे दाखवायचं. आणि समन्सच्या पोचपावतीवर ही सही आहे. कुणाची?"

वाफ्याने बघितलं.

"माझी," तो म्हणाला.

"मग?"

"म्हणजे सही माझी आहे. पण मी केलेली नाही."

वकीलबाईने चष्मा काढला. "नीट सांगा."

नीट सांगायचं म्हणजे मामापासून सुरुवात करावी लागत होती. मामा म्हणजे कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन, सगळ्या कामगारांचाच मामा. कामगारांच्या खोल्या वर्ष-दोन वर्षांनी बदलायच्या, म्हणून सगळ्यांनी पत्ता कारखान्याच्या गेटचाच दिलेला. रजिस्टर पत्र आलं की पोस्टमनला सही पाहिजे, आणि मशीन सोडून गेटवर येणार कोण? मामाला तर लिहिता-वाचता येत नव्हतं. यावर तोडगा काढला वाफ्याने. जेवणाच्या सुट्टीत बसून त्याने मामाला एकेकाची सही चित्रासारखी शिकवली. "हे बघ मामा, माझी सोपी. आधी अंडं. अंड्यावर कोंबडी. मग कोंबडीला ही लांब शेपटी." मामाने तीन आठवड्यांत अडतीस जणांच्या सह्या उचलल्या. पोस्टमन नाव सांगायचा, मामा चित्र काढायचा, पत्र ड्रॉवरमध्ये टाकायचा आणि पगाराच्या दिवशी रांगेत सगळ्यांना वाटायचा. इतकी वर्षं एकही पत्र हरवलं नाही. वाफ्याला आपल्या डोक्याचा भारी अभिमान होता.

"आणि कारखान्याने तुमच्यावर दावा लावून समन्स स्वतःच्याच गेटवर पाठवलं?"

"माझा पत्ता तोच आहे ना त्यांच्याकडे."

वाफ्या त्याच दिवशी दुपारी गेटवर गेला. मामाने त्याला बघितलं आणि खोपटातून धावत बाहेर आला. "भाच्या! मेलास की काय वाटलं!" मग विषय कळल्यावर त्याने ड्रॉवर ओढला. तळाशी लिफाफा होता, न फोडलेला.

"अरे, हे तुझंच. पगाराच्या दिवशी देणार होतो. तू पगाराला आलाच नाहीस!"

"मामा, मी नोकरी सोडली होती! मला पगार कुठला? आणि हे पत्र आलं त्याच आठवड्यात मी हिशोब मागायला आलो होतो की. इथेच उभा होतो तुझ्यासमोर!"

"आला होतास. पण तो पगाराचा दिवस नव्हता ना," मामा म्हणाला. त्याला खरंच त्यात काही चूक दिसत नव्हती. मग वाफ्याच्या हातातली पोचपावतीची नक्कल त्याने दूर धरून निरखली आणि त्याचा चेहरा खुलला. "शेपटी बघ की. आलीय ना बरोब्बर?"

वाफ्याला त्याला मिठी मारावी की गळा दाबावा, कळेना.

"कोर्टात येऊन सांगशील, ही तू काढलीस म्हणून?"

"त्यात काय? खरं ते सांगायचं. येतो मी."

तारीख तीन आठवड्यांनी होती. त्या तीन आठवड्यांत, चिठ्ठी आल्यापासून पहिल्यांदाच, वाफ्याच्या घरात कुणीतरी धड जेवलं. बायकोने पडद्यांचं नवं कामही घेतलं.

तारखेच्या सकाळी मामा आला. कडक इस्त्रीचा युनिफॉर्म घातलेला. पण तो उतरला मॅनेजरच्या गाडीतून.

वकीलबाईने विचारलं, "ही सही तुम्ही केलीत ना?"

"मी कशी करणार बाई? मी अंगठेबहाद्दर."

"सह्या चित्रासारख्या काढायला तुम्हाला शिकवलं होतं ना?"

"आमचा भाचा थट्टेखोर आहे साहेब," मामा जज्जांकडे बघून म्हणाला. "काहीही सांगतो."

कारखान्याच्या वकिलाने मामाच्या नोकरीचं पुस्तक पुढे केलं. एकतीस वर्षं, पानापानावर अंगठा. मग त्याने गेटचं रजिस्टर उघडलं. समन्स आलं त्याच आठवड्यात वाफ्या गेटवर आल्याची नोंद, खाली त्याची स्वतःची सही. अंडं, कोंबडी, शेपटी. पोचपावतीवरच्या सहीशी तंतोतंत. वकीलबाईने बंद लिफाफा दाखवला. कारखान्याचा वकील म्हणाला, "घेतला, पण फोडला नाही. त्याला कोर्टाने काय करावं?"

जज्जांनी मामाकडे कोरा कागद आणि पेन सरकवलं. "ही सही समोर ठेवून काढून बघा."

मामाने पेन केरसुणीसारखं मुठीत धरलं. जीभ बाहेर आली. कागदावर एक रेघ उमटली, उन्हात वळवळणाऱ्या गांडुळासारखी. ना अंडं, ना कोंबडी.

अडतीस माणसांच्या सह्या डोळे झाकून काढणारा हात! ते सोंग होतं की भीती, हे वाफ्याला आजही सांगता यायचं नाही. सोंग असेल तर त्याच्या सगळ्या आयुष्यातल्या खोड्या त्यापुढे पाणी भरतील. आवरायच्या आत तो मोठ्याने हसला. एकटाच. भर कोर्टात. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"बघा साहेब," कारखान्याचा वकील म्हणाला. "यांना सगळी गंमतच वाटते."

अर्ज फेटाळला गेला. साक्षीच्या कागदाखाली मामाने अंगठा उठवला, शाई पँटीला पुसली आणि खाली मान घालून निघाला. दारात वाफ्या उभा होता.

"मामा."

"पाच महिने राहिलेत रे रिटायरला, भाच्या," मामा म्हणाला. त्याने वर बघितलं नाही. बाहेर गाडी थांबली होती, पण तो तिच्यात बसला नाही. युनिफॉर्म सावरत पायीच रस्त्याला लागला.

वकीलबाई बाकड्यावर कागद लावत होती. "वर अपील करता येईल," ती म्हणाली. "पण त्यासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागेल."

"निम्मी असती तर मी इथे कशाला आलो असतो?"

तिने वहीच्या दोन झेरॉक्स त्याला परत दिल्या. मिशा वर, मिशा खाली.

"हे कुणी बघितलंच नाही?"

"बघायची वेळच आली नाही."

महिनाअखेरीला मशीन गेलं. रस्त्यापलीकडच्या शिंप्याने घेतलं, घासाघीस न करता. भाव पाडला असता तर निदान त्याच्यावर चिडता तरी आलं असतं. दोन हमालांनी ते जिन्यावरून उतरवलं. बायको वरच्या पायरीवर उभी राहून सांगत होती, "चाक सांभाळा, चाक सांभाळा." मशीन दिसेनासं झालं तरी ती तेच म्हणत होती.

घरमालकीण बाई खोली सोडल्याचा कागद घेऊन आली. रिकाम्या खोलीत टेबल नव्हतं, म्हणून वाफ्याने तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. अंडं काढलं. कोंबडी काढली. शेपटी निम्म्यात तुटली.

घरमालकिणीने जुन्या करारावरची सही शेजारी धरली. "जुळत नाही हो. पुन्हा करा."

त्याने पुन्हा केली. या वेळी अंडंच चेपलं.

"त्या मामाला बोलवा," बायको मागून म्हणाली. "तो करेल बरोबर."

उभ्या संसारात तिने केलेली ही पहिली थट्टा. वाफ्याने वळून बघितलं. ती त्याच्या हसण्याची वाट बघत होती, आणि त्याला हसता येत नव्हतं.

"राहू द्या," घरमालकीण म्हणाली. "चालेल अशीच. किल्ल्या द्या."