बायजाबाईंच्या आजाराची फाईल

मित्रांनो, वाशीतील एका रुग्णालयाच्या तळघरात, लोखंडी मांडणीच्या तिसऱ्या फळीवर माझे वास्तव्य आहे. मी एक जुनी फाईल आहे. तुर्भ्याच्या छापखान्यात गुलाबी पुठ्ठा कापून, दुमडून, त्यास दोन छिद्रे पाडून मला आकार देण्यात आला. पुढे माझ्या कपाळी नाव आले : बायजाबाई.

बायजाबाई मसाल्याच्या कारखान्यात पाकिटे भरीत. दीड वर्षापासून त्यांच्या छातीत आग होई, आंबट पाणी घशाशी येई आणि आडवे पडताच ठसका लागे. औषधाचा गुण चार दिवस टिके. अखेर डॉक्टरसाहेबांनी दुर्बिणीने तपासणी केली. तेव्हा जठराचा वरचा भाग छाती व पोट यांमधल्या पडद्याच्या छिद्रातून छातीत सरकलेला आढळला. यास हायटस हर्निया म्हणतात. तो अहवाल माझ्यात लावण्यात आला. साहेबांनी शस्त्रक्रिया सुचवली, तोंडी सर्व समजावले. परंतु घाईत माझ्या पानावर निदान म्हणून एकच शब्द लिहिला : अ‍ॅसिडिटी.

आमच्याकडे प्रत्येक आजारास एक क्रमांक असतो. डॉक्टरांचे लेखन वाचून तो देण्याचे काम हादियाताईंचे. त्या दिवशी फायलींचा ढीग होता. त्यांनी अहवालाचे पान न उलटताच के-२१, म्हणजे आम्ल वर चढण्याचा क्रमांक, टाकला.

खर्चाच्या परवानगीसाठी कागद विमा कंपनीकडे गेले. तिचे उत्तर आले : केवळ अ‍ॅसिडिटीसाठी शस्त्रक्रियेची गरज दिसत नाही. शस्त्रक्रिया अडली. बायजाबाई हादियाताईंच्या खिडकीशी आल्या.

“पोरी, निसत्या अ‍ॅसिडिटीला कोन पोट फाडून घेतंय? म्या सोडा पिऊन गप बसले असते की!”

“मावशी, बसा दोन मिनिटं. फाईल बघते.”

अहवाल वाचताच हादियाताईंचा चेहरा उतरला. “हे मी तेव्हाच बघायला पाहिजे होतं.”

शेजारचे कारकून हौसेराव म्हणाले, “मग टाक ना दुसरा नंबर. रिपोर्टात तर आहे. कोण बघतंय?”

“ज्यांनी अडवलंय, तेच बघतील. नुसत्या रिपोर्टवरून नाही टाकता येत, हौसेराव. निदान डॉक्टरांच्या अक्षरात पाहिजे.”

मला छातीशी धरून त्या तीन जिने चढल्या. डॉक्टरसाहेब वैतागले.

“रिपोर्ट लावलाय ना? वाचता येत नाही तुला?”

“येतं, सर. निदान लिहायचा अधिकार तुमचा आहे.”

साहेबांनी मला पुढ्यात ओढले. मग त्यांनी माझ्या पानावर लिहिले : आम्ल वर चढणे, सोबत हायटस हर्निया. खाली ते मागची तारीख घालू लागले, तोच ताईंनी पानावर बोट ठेवले.

“आजचीच टाका, सर. मागची टाकली तर खोटं होईल. जुनं पण खोडू नका.”

“भारी कडक बाई आहेस तू!” असे म्हणत साहेबांनी त्या दिवसाची तारीख घातली.

के-२१ शेजारी के-४४, म्हणजे हर्नियाचा क्रमांक, बसला. चौथ्या दिवशी परवानगी आली आणि शस्त्रक्रिया यथासांग पार पडली.

घरी जाताना बायजाबाई म्हणाल्या, “काय लिवलं व्हतं, ते वाच की गं.” ताईंनी वाचून दाखवले.

“येवढंच? येवढ्यासाठी अडलं व्हय माझं?” बाईंना हसू आवरेना; टाक्यांवर हात दाबून त्या हसत राहिल्या.

पुढे नोंदी तपासायला आलेल्या एका तपासनिसाने माझी प्रशंसा केली. त्यानंतर मजवर धूळ साचली, एका कोपऱ्यास वाळवीही लागली. असो.

मित्रांनो, आमच्या पानांवर जे नाही, ते दूर बसलेल्या माणसाच्या लेखी दुखतच नाही. म्हणून आपल्या माणसांसोबत दवाखान्यात जाल, तेव्हा खुर्चीतून उठण्यापूर्वी नम्रपणे एवढे अवश्य विचारा, “डॉक्टर, आत्ता आम्हांला जे सांगितलंत, ते कागदावर लिहिलंत ना?”