टिक्याच्या गोळ्या

दिवाळी झाली आणि टिक्याचे मागचे पाय गेले. एकदम गेले नाहीत. आधी तो ओट्याच्या पायरीशी थांबायला लागला. मग उठताना मागचं अंग तसंच जमिनीला राहायचं आणि पुढचे दोन पाय त्याला ओढत न्यायचे. तेरा वर्षांचा कुत्रा. छायाने पडवीत गोणपाटाची घडी टाकून त्याची जागा केली आणि दुधात भाकरी कुस्करून ती त्याच्या तोंडाशी नेऊ लागली.

तिचा नवरा धाकलू शेतावर जाता-येता बघायचा. "म्हातारा झाला त्यो," एवढंच म्हणायचा आणि पुढे जायचा.

टिक्या लेकीचा, समीक्षाचा होता. आठवीत असताना कुंभिवलीच्या नाक्यावर, धाब्याच्या मागे तिला तो खोक्यात सापडला होता. दप्तरात घालून तिने त्याला घरी आणला. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिक्या. पुढे जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून ती नेरळला नोकरीला लागली, तीही बहुधा त्याच्याच पायी. चार वर्षांपूर्वी तिने नवीनशी लग्न केलं. पोरगा कंपनीत होता, सरळ होता, पण जातीतला नव्हता. कर्जतला सह्या करून दोघं घरी पाया पडायला आली, तेव्हा धाकलू दारात उभा राहिला आणि बाजूला झालाच नाही. ती गेल्यावर तो छायाला म्हणाला, "ह्या घरात तिचं नाव निघाया नाय पायजे." तेव्हापासून निघालं नव्हतं. छाया गोठ्यामागे जाऊन लेकीला फोन करायची. नवरा बांधावर दिसेनासा झाल्यावर.

तिथूनच तिने सांगितलं, टिक्या उठत नाही.

"त्याला घेऊन ये," समीक्षा म्हणाली. "बाबा नसतील तेव्हा."

धाकलू एका लग्नाला पनवेलकडे गेला त्या दिवशी छाया शेजारच्या पोशाच्या टेंपोत टिक्याला घालून नेरळला गेली. पोशा रोज सकाळी भाजी घेऊन तिकडेच जायचा. दवाखान्यात टिक्याचा एक्स-रे काढला, रक्त घेतलं. डॉक्टर तरुण होते, शांत बोलायचे. खुब्याचे सांधे झिजलेत म्हणाले. दुखणं मारणाऱ्या नेहमीच्या गोळ्या देता आल्या असत्या, पण त्याच्या किडन्या थकल्यात, त्यांना त्या झेपायच्या नाहीत. मग त्यांनी एक तपकिरी बाटली काढली. आत मिऱ्याएवढ्या काळ्या गोळ्या. वर चिनी अक्षरं.

"हे चिनी झाडपाल्याचं औषध हाय, आई," समीक्षाने समजावलं. "मुळ्या, साली, दालचिनीसुदीक हाय. तिकडं माणसांच्या गुडघ्यांना शेकडो वर्षं देतात, आता जनावरांनाही देतात. आमचे डॉक्टर ते शिकून आलेत. पण झाडपाला म्हणून कितीही द्यायचं नाय. त्याच्या किडनीकडं बघून मोजून दिलंय. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. उलटी झाली, जुलाब झाले, खाणं सोडलं, तर बंद करायचं आन् मला लगेच फोन."

तिने बाटलीवर दवाखान्याचा पत्ता छापलेली चिठ्ठी चिकटवली आणि तेच पेनाने लिहिलं. मग ती टिक्याजवळ खाली बसली आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बराच वेळ तशीच बसून राहिली. छायाला परत जायची घाई होती. तिला बघवतही नव्हतं.

छाया बाटली तांदळाच्या डब्यामागे ठेवायची आणि भाकरीच्या तुकड्यात गोळ्या दाबून द्यायची. वासाला त्या ओल्या मातीसारख्या होत्या. टिक्या नाक वळवायचा, तिच्याकडे बघायचा आणि गिळायचा. तीन आठवड्यांनी एका सकाळी ती चूल पेटवत होती, तर तो दारात उभा. चारी पायांवर. मागचे थरथरत होते, पण उभे होते.

महिन्याभरात तो विहिरीपर्यंत जायला लागला. पोशाने दुसरी बाटली आणून दिली. रिकामी बाटली छायाने परसात टाकली.

धाकलूतही फरक पडला होता. तो संध्याकाळी पडवीत बसून टिक्याचे पाय चोळायचा, त्याच्याशी हळू आवाजात काहीबाही बोलायचा. दर गुरुवारी धुतलेला सदरा घालून खालापूरला म्हणून निघायचा. तहसीलात सातबाऱ्याचं काम निघालंय म्हणाला. येताना बिस्किटांचा पुडा आणायचा आणि टिक्याला स्वतःच्या हाताने भरवायचा. छायाला वाटलं, बरं झालं, दगड जरा हलला. आणखी थोडं हलू दे, मग आपण विषय काढू. शिमग्याला पोरगी घरी यावी, एवढंच तिच्या मनात होतं.

माघ संपता संपता टिक्याचं खाणं कमी झालं. एकदा ओकला. छाया म्हणाली, उकिरड्यात काहीतरी खाल्लं असेल. पुन्हा ओकला. समीक्षाने सांगितलेलं तिला आठवत होतं. पण फोन केला तर ती गोळ्या बंद करायला सांगणार आणि हा पुन्हा जमिनीला लागणार. तिने पाच दिवस फोन केला नाही.

सहाव्या दिवशी, मंगळवारी, सकाळी गोणपाटावर रक्त होतं.

"अवो," तिने हाक मारली. "टिक्याला बघा."

धाकलू आला, बघितलं आणि त्याला उचलून रस्त्याकडे निघाला. पोशाचा टेंपो निघायच्या बेतातच होता. भाजीच्या पाट्या सरकवून त्याने जागा केली.

"खालापूरच्या सरकारी दवाखान्यात घेऊ?" पोशाने विचारलं.

"नेरळला घे," धाकलू म्हणाला.

छायाने पोशाकडे पाहिलं. पोशाने नकारार्थी मान हलवली, मी त्याला काही सांगितलं नाही. चौक गेलं, कर्जत गेलं, दहिवली मागे पडली. नेरळ आल्यावर पोशाने वेग कमी केला, तसा मागून धाकलू म्हणाला, "स्टेशनाकडं नको. डाव्या हाताला घे. पुढं औषधाचं दुकान, त्याच्या बाजूला." छाया त्याच्या समोर बसली होती. टिक्याचं डोकं त्याच्या मांडीवर होतं आणि त्याचा हात त्या डोक्यावरून हलत नव्हता.

दवाखान्याच्या काउंटरवर भाग्यश्री नावाची मुलगी बसायची. ती उठून उभी राहिली. "काका, तुम्ही आज मंगळवारी कसे?" आणि मग तिची नजर त्याच्या हातातल्या कुत्र्यावर गेली.

समीक्षा आतून आली. चार वर्षांत बापलेक पहिल्यांदा समोरासमोर आले. दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही. तिने टिक्याला त्याच्या हातातून घेतलं आणि टेबलावर ठेवलं.

डॉक्टरांनी हिरड्या पाहिल्या, पोट दाबून पाहिलं, सलाईन लावायला सांगितलं. "गोळ्या किती देत होता?"

"दोन सकाळी, दोन संध्याकाळी," छाया म्हणाली. "लिवून दिल्यात तेवढ्याच."

"त्यावर आणखी काही?"

"काय नाय."

धाकलूने सदऱ्याच्या खिशात हात घातला. तपकिरी बाटली काढून टेबलाच्या कडेला ठेवली. तशीच बाटली, तीच चिनी अक्षरं. निम्मी संपलेली.

"मीपण देत व्हतो," तो म्हणाला. "बिस्किटातनं. दोन आन् दोन."

मग त्याने जमिनीकडे बघत सांगितलं. परसात त्याला रिकामी बाटली सापडली होती. चिठ्ठीवरचं लेकीचं अक्षर त्याने ओळखलं. पहिलीपासूनच्या वह्या त्यानेच तर आणून दिल्या होत्या. बाटली रिकामी, म्हणजे औषध संपलं, असं त्याला वाटलं. छाया पुन्हा मागवायला घाबरत असेल. म्हणून बाटलीवरचा पत्ता वाचत तो इथे आला आणि लेक आत असताना काउंटरवर बाटली दाखवून दुसरी घेतली. पुढचे गुरुवार भाग्यश्रीने हात केला की मान हलवून तो समोरच्या चहाच्या टपरीवर बसायचा, दवाखान्याच्या काचेतून दिसतं म्हणून.

"काय दिसतं?" भाग्यश्रीने न कळून विचारलं.

समीक्षाने सुई लावता लावता चेहरा भिंतीकडे वळवला.

टिक्या दुपारपर्यंत होता. शेवटी शेवटी त्याने शेपूट दोनदा हलवली. तिघंही जवळ होती, त्यामुळे कुणासाठी ते सांगता येणार नाही. डॉक्टर म्हणाले, वय होतंच, किडन्या जाणारच होत्या, गोळ्यांनीच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. आणि नाही असंही सांगू शकत नाही. छायाने त्या पाच दिवसांबद्दल सांगितलं. तेही तिला तिथेच सांगावं लागलं, नाहीतर सगळं नवऱ्याच्या डोक्यावर राहिलं असतं.

समीक्षा रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "बाबा, काचेच्या ह्या बाजूला यायचं होतं. एकदा तरी."

धाकलूने टिक्याला स्वतःच्या उपरण्यात गुंडाळलं आणि टेंपोत ठेवलं. मग टेंपोचं मागचं फळकूट हातात धरून तो उभा राहिला. समीक्षा दवाखान्याच्या पायरीवर होती. छायाला वाटलं, आता हा म्हणेल, चल. फक्त एवढाच शब्द. तिने स्वतः तो म्हटला नाही, कारण त्याच्याआधी तिने म्हटला असता तर त्याला किंमत उरली नसती. आतून समीक्षाला कुणीतरी हाक मारली, तरी ती थांबली. दुसरी हाक आली. मग ती आत गेली. धाकलूने फळकूट लावलं.

विहिरीजवळच्या पेरूखाली त्याने एकट्याने खड्डा खणला. छायाने माती लोटली. गोणपाट तिने धुऊन वाळत घातलं आणि संध्याकाळी ओट्यावर बसून, नवऱ्यादेखत लेकीला फोन लावला.

"पेरूखाली ठेवला गं त्याला," ती म्हणाली. "शिमग्याला ये. आता तुझे बाबा काय बोलायचे नाय."

"आता येऊन कुणाला भेटू, आई?" समीक्षा म्हणाली. "टिक्यासाठी आले असते. त्याच्यासाठी आले, असं म्हणून आत पाऊल टाकता आलं असतं मला."

फोनचा आवाज मोठा होता. धाकलूने ऐकलं. उठून तो गोठ्यात गेला, जनावरांना सकाळीच वैरण घातलेली असून पुन्हा घातली.

पुढच्या गुरुवारी छायाने त्याचा सदरा धुऊन, घडी करून खाटेवर ठेवला. "जावा ना," ती म्हणाली. "नेरळला."

"काय सांगून जाऊ?"

तिने सदऱ्याची घडी पुन्हा सरळ केली. दुपारी मात्र त्याने सदरा चढवला आणि निघाला. छाया दारातून बघत राहिली. हमरस्त्यावरच्या थांब्याशी तो उभा दिसत होता. एक विक्रम रिक्षा थांबली, गेली. मग एसटी आली. तिच्याआड त्याचा सदरा दिसेनासा झाला तेव्हा छायाने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा एसटी गेली होती आणि तो तिथेच होता.

उन्हं कलल्यावर तो परत आला. पाय धुतले आणि ओट्यावर बसला. तिने चहा दिला. त्याने घेतला.

"गर्दी व्हती," तो म्हणाला.

"हां," छाया म्हणाली. "गुरुवारी असतीया."