बाबांच्या खांद्यावरचा भुंगा

ब्रश धरला की बाबांचा उजवा हात आखडायचा. एरवी ठणठणीत. चहाचा कप धरतील, नातीच्या दुपट्याला गाठ मारतील. पण दुकानाची पाटी रंगवायला घेतली की बोटं आवळायची, खांदा कानाशी जायचा आणि अक्षर कोसळायचं. उभा जन्म पेंटर म्हणून काढलेला माणूस. हातच गेला तर उरलं काय, हे ते बोलत नसत. लेकीला न बोलताच कळायचं. म्हणून तान्हीला कडेवर घेऊन ती त्यांना थेरपीला घेऊन आली होती.

थेरपिस्टबाईंनी त्यांच्या उजव्या हातावर आणि खांद्यावर मशीनच्या तारा जोडलेल्या चकत्या चिकटवल्या. स्नायू आवळला की त्यात बारीकशी वीज उठते. मशीन ती टिपतं आणि भुंग्यासारखं गुणगुणतं. स्नायू सैल, की भुंगा गप्प.

"म्हणजे माझ्या सासूबाईच!" बाबा म्हणाले. "तोंड कितीही गोड ठेवा, आतलं ओळखणार."

"फक्त ओळखतं हं," बाई हसल्या. "सैल तुम्हीच सोडायचं."

बाबा सैल व्हायला बसले ते कंबर कसून, दात आवळून. भुंगा पिसाळला.

"अहो बाबा, कुस्ती आहे का ही?" लेक म्हणाली.

तेवढ्यात तान्ही किरकिरली. पिशवीतून बाटली काढायची म्हणून लेकीनं तिला बाबांच्या डाव्या हातावर ठेवलं. बाबांनी सवयीनं खांदे पाडले, मान कलती केली, श्वास लांबवला. बाटली सापडेपर्यंत तान्हीचे डोळे मिटले होते. आणि भुंगाही गप्प होता.

"हलू नका," बाई कुजबुजल्या. "आत्ता खांद्याला कसं वाटतंय, तेवढं लक्षात ठेवा."

मग लेकीनं तान्हीला हळूच उचललं. भुंगा लगेच जागा. बाबांनी डोळे मिटले. डावा हात रिकामाच, पण कुशीत कुणी असल्यासारखा वाकलेला. गुणगुण उतरत गेली. काहीच न करण्याचं काम माणूस इतकं मन लावून करू शकतो? लेक बघतच राहिली. साठी उलटल्यावर बाबा स्वतःचा खांदा नव्यानं शिकत होते.

त्यांनी खिशातून ब्रश काढला. बाईंनी रंगाची वाटी पुढे सरकवली. भुंगा कुरकुरला. बाबा थांबले, तो शमेपर्यंत थांबले, मग ब्रश टेकवला. कागदावर एक आडवी रेघ निघाली. शेवटाकडे थरथरली, पण पोचली.

"वाकडी आलीय," लेक म्हणाली. तान्हीला थोपटत ती कागदावर वाकली.

"येऊ दे," बाबा पुटपुटले. "तू हळू बोल. दोघं झोपलेत."