बर्फवाल्या काकूंची सही

मित्रांनो, बंदरावरच्या कारखान्यात बर्फाच्या लाद्यांचा चुरा करणारे यंत्र तुम्ही कदाचित पाहिले नसेल. मी तसलेच एक जुने यंत्र आहे. माझ्या पोटात लोखंडी दात आहेत. वरून लादी टाकली की खालून चुरा पडायचा, आणि त्या चुऱ्यात मासळी शहरापर्यंत ताजी पोचायची.

दूरच्या एका ओतशाळेत मी घडलो. चार माणसांनी मला या गावात उतरवले, तेव्हा धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. काका मला चालवायचे आणि काकू लाद्या सरकवायच्या. गावात त्यांना सगळे बर्फवाल्या काकूच म्हणत. काका जरा भित्रेच होते. काकूंविरुद्ध काही बोलायचे असले की ते माझ्या खडखडाटात बोलून घ्यायचे. मी थांबलो की काकू शांतपणे विचारायच्या, “हं, काय म्हणत होता?”

पुढे बंदराच्या तोंडाशी गाळ साचू लागला. मोठ्या बोटी दुसऱ्या बंदराला जाऊ लागल्या, आणि बोटींमागून माणसे गेली. एक्केचाळीस घरांपैकी पंचवीस घरांना कुलपे लागली. शाळा बंद झाली. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, तेही येईनासे झाले. भरतीला रस्ता पाण्याखाली जाई. मी दिवसाकाठी दोन लाद्या फोडू लागलो.

एका दुपारी काकांच्या छातीत कळ आली. रस्त्यावर कमरेएवढे पाणी होते. ते ओसरेपर्यंत त्यांना माझ्या शेजारच्या बाकावर झोपवले. काकू त्यांचे तळवे चोळत बसल्या. पाणी ओसरायला तीन तास लागले. काका तेवढे थांबले नाहीत.

त्यानंतर दोन वर्षांनी एका सरकारी योजनेचे साहेब आले. बंदरातला गाळ काढायचा, रस्ता उंच करायचा, दवाखाना बांधायचा आणि किनाऱ्यालगतची घरे पाडून वरच्या माळावर नवी वसाहत उभारायची, असा बेत होता. मात्र निम्म्याहून अधिक घरमालकांची संमती हवी होती. काकूंचे घर पाडायच्या यादीत होते. हा कारखानाही होता. म्हणजे मी भंगारात जाणार होतो. तरीही काकूंनी पहिली सही केली. ती माझ्याच पाठीवर कागद ठेवून केली.

सभा कारखान्यात भरली, कारण एवढे मोठे छप्पर दुसरे उरले नव्हते. कुलपे लावून गेलेले मालक त्या दिवशी गाड्या घेऊन आले. त्यांत काकूंचे धाकटे दीरही होते.

“वहिनी, आपलं घर पाडायला तुम्हीच सही करता?” ते म्हणाले. “दादा असता तर त्याला काय वाटलं असतं?”

“तुमचा दादा या बाकावर गेला, भाऊजी. रस्ता असता तर त्यालाच विचारलं असतं.”

 दीर हळूच म्हणाले, “पण गावाचं गावपण जाईल हो. आमची मुलं सुट्टीत येतात ती हे बघायलाच.”

“या ना, जरूर या. पण तुम्ही चार दिवस बघता ते गावपण आम्हाला वर्षभर सोसावं लागतं. नळाला खारं पाणी येतं, आणि औषध आणायचं तर भरती बघून निघावं लागतं. मला या भिंतींची माया नाही असं समजू नका. पण भिंती धरून बसले, तर उद्या माझ्यासाठी पाणी ओसरायची वाट बघायलासुद्धा कुणी नसेल.”

 मला वाटले, आता सगळ्यांचे हात वर होतील. काकूंच्या बाजूने सोळा हात वर झाले. ते सगळे गावात राहणाऱ्यांचे होते. विरोधात पंचवीस.

जाळी विणणारे आजोबा कोपऱ्यातून म्हणाले, “घराची किल्ली सापडत नाही यांना, पण नाही म्हणायला रस्ता बरोबर सापडला.” 

साहेबांनी कागद गुंडाळले आणि योजना दुसऱ्या गावाला गेली. संध्याकाळच्या भरतीआधी सगळ्या गाड्याही गेल्या.

पुढच्या वादळात किनाऱ्याची पहिली रांग समुद्राने नेली. काकूंचे जे घर योजनेत पाडायचे होते ते असे गेले, आणि त्याच्या बदल्यात माळावर काहीच उभे राहिले नाही. काकूंची लेक त्यांना न्यायला आली, तेव्हा काकू माझा पट्टा सोडवत होत्या.

“आई, आता कोण चालवणार आहे हे?”

“कोणी नाही. पण चुकून कुणाचा हात अडकायला नको.”

पट्टा खाली ठेवून त्या गेल्या. मागे वळून त्यांनी पाहिले नाही, आणि मला त्याचा राग नाही. आजोबा त्याच वर्षी गेले. उरलेली घरेही एकेक करून रिकामी झाली. खाऱ्या वाऱ्याने माझे दात एकमेकांत रुतून बसले आहेत.

मित्रांनो, मला तेल घाला, रंग लावा, असे मी सांगणार नाही. त्याची वेळ टळली. पण तुम्ही मोठे व्हाल, दूर जाल, आणि कधीतरी कोणी तुम्हाला तुमच्या गावाबद्दल हो की नाही असे विचारील. तेव्हा तुमच्या आठवणीला विचारण्याआधी तिथे राहणाऱ्याला विचारा. आमच्या गावात आता विचारायलाही कोणी नाही.