अकोल्याच्या हवेलीतला मुक्काम

लग्नाले दोन वर्षं झाली होती अन् नवऱ्याशी धड दोन घंटे बोलली नव्हती मी. खोटं नाही सांगत. ते बडनेऱ्याले रेल्वेत, एका खोलीत चार गडी. मी पातूरजवळ सासरी, नऊ माणसांत. महिन्यातून एखाद्या शनिवारी रात्री यायचे. दिवसा सासऱ्यासमोर, जेठासमोर माझा पदर नाकापर्यंत. रात्री कंदील विझला की भिंतीपलीकडं सासूबाई खोकलत. डोंबलाचा संसार!

एकसष्टच्या दिवाळीले मले माहेरी धामणगावले जायचं होतं. यांनी डोकं चालवलं. मामाजींले, म्हणजे माझ्या सासऱ्यांले सांगितलं, तिले अकोल्याच्या मोटारीत बसवून द्या, तिथून मी नेतो. माझ्या भावाले मात्र दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं येतो असं कळवलं. मधला एक दिवस आमचा. आमच्या दोघांचाच! महिनाभर मी पोळ्या लाटता लाटता हसत होती, सासूबाईंले वाटलं पोरीले बाधलं काहीतरी.

खोली घेतली होती जुन्या कापूस बाजाराजवळच्या हवेलीत. कोण्या कापसाच्या सेठजीनं बांधलेली, नातवानं आता तिचं पाहुणघर केलेलं. मोठे दलाल, अंमलदार उतरत तिथं. यांनी साहेबाचा वशिला लावला होता. मी आत पाय टाकला अन् चपला काढून हातातच घेतल्या. मधात चौक, चौकात कारंजं, फरशीवर निळी-पिवळी फुलं, वर चारी बाजूंनी सागवानी सज्जा, खिडक्यांले रंगीत काचा. पण आमचे हे मात्र कुठं दिसेनात.

मुनीम भगवंतराव चष्म्यावरून पाहत म्हणाले, “खोली कोणाच्या नावानं आहे बाई?”

“आमच्या घरच्यांच्या.”

“घरचे म्हणजे कोण?”

“बडनेऱ्याले असतात ते.”

“बडनेऱ्याले तर लई जण असतात. नाव सांगा.”

आता नाव कसं सांगू? आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नव्हते. घेतलं तर त्याचं आयुष्य घटते म्हणत. मी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिली. मुनीम आणखीच आंबट झाले. “हे पहा बाई, इथं घरंदाज लोक उतरतात. नवऱ्याचं नाव सांगता येत नाही अन् खोली पाहिजे?”

झोपाळ्यावरचे दोन दलाल वळून पाहू लागले. असा संताप आला मले! घरंदाज म्हणे! चपला खाली ठेवल्या, पदर सारखा केला अन् लग्नात घेतात तसा उखाणाच घेतला, चांगल्या खणखणीत आवाजात:

“सरकी काढली, रुई झाली, रुईची बांधली गाठ,
चंद्रभानरावांची मी पाहते इथं वाट!”

“वा रे वा!” दलाल ओरडले. मुनीम इतके लाजले की चावी तर दिलीच, वरून माझी पेटीही स्वतःच उचलली.

खोलीत मच्छरदाणीचा पलंग होता, माणसाएवढा आरसा होता. मी नवं लुगडं नेसली, वेणी घातली, सज्ज्यात जाऊन बसली. रस्त्यावर टांगा वाजला की उठायची. दिवेलागण झाली, माणसाचा पत्ता नाही. मनातल्या मनात किती शिव्या घातल्या! अन् शिव्या घालता घालता इतकी आठवण आली त्यांची, की जेवणाचं ताट तसंच परत पाठवलं. एवढा चांगला पलंग, अन् मी एकटी पडून रडली.

सकाळी चहाच्या वेळेले आले. डोळे लाल, कपड्यांवर कोळसा. “बदलीचा गडी आलाच नाही जमुना, डबल ड्युटी पडली,” इतकं बोलले, पलंगावर बसले, अन् बसल्या जागी आडवे होऊन घोरू लागले.

भांडायचं ठरवलं होतं मी. महिनाभराच्या गोष्टी साठवल्या होत्या. उठवायले म्हणून वाकली अन् तशीच राहिली. काचेतून ऊन आलं होतं थेट तोंडावर. कानाखाली त्यांले तीळ आहे, मले माहीत नव्हतं. भुवईत लहानपणीचा वण आहे. झोपेत खालचा ओठ पुढं येते. माझा नवरा, अन् मी त्याले असा उजेडात कधी पाहिलाच नव्हता. बसली मग पाहत.

मुनिमांनी दार वाजवलं. “टांगा आला बाई. गाडीची वेळ झाली.”

“जाऊ द्या टांगा.”

“अहो, गाडी चुकन.”

“चुकू द्या,” म्हटलं.

भाऊ स्टेशनावर येणार, हात हालवत परत जाणार, दोन्हीकडं बोभाटा होणार, सारं कळत होतं. सासूबाई काय काय बोलतील तेही पाठ होतं. पण उठवलं नाही.

ऊन कलल्यावर ते दचकून जागे झाले. “गाडी?”

“गेली.”

“गेली? अन् तू बसून काय करून राहिली? काहून नाही उठवलं मले?”

“तुमाले पाहून राहिली होती,” मी म्हटलं. “दोन वर्षांत पाहिलंच कुठं?”

मले वाटलं, आता चिडतील. पण त्यांनी दोन्ही हातांनी केस मागं सारले, उठून खिडकी सताड उघडली अन् उजेडाकडं तोंड करून माझ्यासमोर बसले.

“घे,” म्हणाले, “पाहून घे.”