चुलाणापुढची सीट

मी एका जुन्या ट्रॅक्टरची लोखंडी सीट आहे. माझ्या अंगाला बावीस भोकं आहेत. अठरा कारखान्यात पाडलेली, चार गंजाने पडलेली. बोल्ट चार होते, आता एकही नाही. पाटणच्या वाटेवरच्या एका गुऱ्हाळात मला ओंडक्यावर खिळ्यांनी ठोकलं आहे. गूळ शिजतो त्या चुलाणाचं तोंड माझ्यापासून चार हातांवर आहे.

मित्रांनो, पहिली एकवीस वर्षं माझ्यावर हंबीरराव बसले. ऊस त्यांचा, ट्रॅक्टर त्यांचा, गुऱ्हाळही त्यांचंच. उन्हात मी तापले की ते उठून सावलीत जायचे. मालकाला उठता येतं. पुढे गादीच्या सीटचा नवा ट्रॅक्टर आला आणि सहा वर्षं माझ्यावर कोंबड्या बसल्या.

मग सिद्धू आला. तो चुलाणात चिपाडं घालतो, म्हणजे रस काढून वाळवलेला ऊस. आच पडली की गूळ बिघडतो, म्हणून दिवाळीपासून शिमग्यापर्यंत रोज तेरा तास त्याला उठता येत नाही. गूळ चांगला उतरला की गूळ बनवणाऱ्याचं कौतुक होतं. सिद्धूला फक्त हाक येते, "आच वाढीव रं!"

त्याच्या लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. बायको अर्जुना अंगणात चिपाडं वाळवते. तीन दवाखान्यांत तिची तपासणी झाली, काहीच दोष निघाला नाही. तरी बाया म्हणायच्या, "अर्जुने, तुज्यातच कायतरी कमी आसंल बघ." दोन डॉक्टरांनी नवऱ्याला घेऊन या म्हटलं होतं. हंगामात त्याला सुट्टी नव्हती आणि हंगाम संपल्यावर लाज होती.

हंबीररावांच्या मुलाचं, शंभूराजचं लग्नही सिद्धूच्याच लग्नाच्या महिन्यातलं. त्याला आता चार वर्षांची मुलगी आहे. एका दुपारी तो रसाचा पेला घेऊन माझ्याशेजारी उकिडवा बसला.

"सिद्धू, पुण्यात आमा दोघांची तपासणी पयल्याच दिवशी झाली. गोळ्या मला हुत्या गड्या. घरात सांगितलं, तिच्या हायत."

"आन् वैनी?"

"गप बसली."

सिद्धूने कितीतरी वेळ चिपाड टाकलं नाही. आच पडली आणि त्याने शिव्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून तो कराडला गेला. डॉक्टरांनी आधी कामाचं विचारलं. परतल्यावर त्यांचं बोलणं त्याने अर्जुनाला इथेच सांगितलं. पुरुषाचं बीज शरीराहून दोन-तीन अंश थंड जागी तयार होतं. रोजची आच लागली की ते घटतं. तीन महिने आगीपासून दूर राहा, मग पुन्हा मोजू. किती वाढेल ते आज सांगता येणार नाही.

त्याने मालकांना विचारलं, "आवं मालक, तीन म्हैनं मला ऊसतोडीवर घाला."

"आन् चुलाण कोण जाळणार? तुजा बा?" हंबीरराव म्हणाले. "झालंय काय तुला?"

सिद्धूची मान खाली. काय झालंय ते चारचौघांत सांगायचं कसं? शंभूराज तिथेच उभा होता.

अर्जुनाने चिपाडाचा भारा खाली टाकला. "मी बसते."

"बाईमाणसानं चुलाण जाळल्यालं कवा बघितलंस?"

"घरात दोन चुली जाळते की. ही तिसरी."

शंभूराज हळूच म्हणाला, "बसू द्या, आबा." हंबीररावांनी हात झटकला आणि ते निघून गेले.

तेव्हापासून सिद्धू ऊसतोडीला जातो आणि अर्जुना माझ्यावर बसते आहे. ती सिद्धूहून हलकी आहे. खाली पोत्याची दुहेरी घडी घालते, तरी उठताना कमरेला हात लावते. तिच्या चेहऱ्याचा रंग बदलला आहे. मी लोखंड आहे, मीही दमले आहे. सरकता आलं असतं, तर चुलाणापासून चार हात आणखी मागे सरकले असते. तुम्हाला हात आहेत, मित्रांनो. कोणाला कुठे बसवलं आहे, किती वेळ बसवलं आहे, ते एकदा मोजा. आणि मूल नसलं तर दोघांनाही तपासा.

त्र्याण्णवाव्या दिवशी दुपारी सिद्धू कराडहून आला. घामाने ओला झालेला कागद त्याने तिच्या हातात दिला. तिने एका हाताने चिपाड लोटलं आणि दुसऱ्या हाताने पदरातला आधीचा कागद काढून दोन्ही शेजारी धरले. शुक्राणू किमान हवेत: मिलिलिटरमागे एक कोटी साठ लाख. पहिल्या वेळी होते: चाळीस लाख. आज: एक कोटी दहा लाख.